वाचक विचारतात : गावचे संग्रहालय आणि त्यामागची परसबाग

गावोगावच्या छोट्या संग्रहालयांविषयी आणि त्यांना जोडून जपल्या जाणाऱ्या जुन्या वाणांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन घाटमाथ्यावरच्या एका गावातले संग्रहालय पाहिले. दोन खोल्यांत जाती, उखळे, शेतीची औजारे आणि भांडी मांडलेली होती, आणि मागे जुन्या वाणांची परसबाग होती. वीस मिनिटांत सगळे पाहून झाले आणि मुले कंटाळली. अशा ठिकाणी नेमके काय पाहायचे असते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण आधी खोल्या आणि मग बाग पाहिली असणार, बहुतेक जण तसेच करतात, कारण दार त्या बाजूला असते. पुढच्या वेळी बागेतून सुरुवात करून पाहा. उदाहरणार्थ, वाफ्यात खपली गहू असेल तर परवानगी घेऊन त्याची एखादी वाळलेली ओंबी तळहातावर चोळा. साध्या गव्हाचा दाणा असा चोळला की मोकळा होतो आणि फुंकर मारली की भूस उडून जाते. खपलीचा दाणा मात्र तूस सोडत नाही आणि हातात नुसते तुसातच अडकलेले तुकडे येतात. खळ्यावर बैलांच्या पायांखाली मळणी झाली तरी हे तूस निघत नसे, म्हणून तो पुन्हा कांडावा लागे. हे हाताला कळल्यानंतर आतल्या खोलीतल्या उखळापाशी या, म्हणजे ते उखळ एवढे खोल का, मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी, म्हणजे कडे, का आणि आतला दगड इतका गुळगुळीत कसा झाला, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. कोकणात हेच काम भाताच्या बाबतीत घिरटावर होत असे. त्याचे दगड जात्यासारखे पीठ करणारे नसून तूस सोडवण्यापुरतेच दाणा भरडणारे असत, आणि हा फरक भाताची लोंबी पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

अशा संग्रहालयांची खरी अडचण त्यांच्या पाट्यांत असते. एका ठिकाणी मी भिंतीला टेकवून ठेवलेला बांबूचा एकच लांब नळा पाहिला होता. वरच्या टोकाला लाकडी वाटीसारखे तोंड होते आणि खाली पाटी होती : ‘शेतीचे अवजार’. तो मोघा होता. तिफणीला, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या औजाराला, तीन फण असतात, त्या फणांतून निघालेले तीन नळे वर चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, एकत्र येतात आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई बोटांच्या फटींतून बी असे सोडते की तिन्ही नळ्यांत ते सारखे पडावे. मोघा मात्र तिफणीच्या मागे दोरीने बांधून वेगळ्या हाताने चालवतात, म्हणजे मुख्य पिकाच्या ओळींत मध्येच तुरीची किंवा दुसऱ्या कडधान्याची ओळ पेरता येते. त्या एका नळ्यात मिश्र पिकाची सगळी शेती सामावलेली होती, आणि पाटी लिहिणाऱ्याने त्यावर दोन शब्दांत पाणी सोडले होते. मागच्या बागेत बाजरीच्या ओळींमध्ये तूर उभी असती तर कदाचित पाटीचीही गरज पडली नसती.

मुलांच्या कंटाळ्यावर माझ्याकडे एकच हमखास उपाय आहे. घरून निघतानाच त्यांना चार-पाच म्हणी आणि वाक्प्रचार द्या आणि त्यांतल्या वस्तू शोधून काढायला सांगा. ‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात’, ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’, ‘पेव फुटणे’ ही सोपी सुरुवात आहे. यातले पेव बहुतेक मुलांना माहीत नसते. धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली, तोंड लहान आणि पोट मोठे असलेली ही खोल जागा वर्षभर बंद राहिली की आत वायू कोंडतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी दिवा सोडून पाहत असत आणि तो विझला तर थांबत. एवढे सांगितले की मुले त्या बुजवलेल्या खड्ड्याभोवती बराच वेळ उभी राहतात.

आपल्याला आणखी एक ठिकाण सुचवतो. गोव्यात साष्टी तालुक्यातल्या बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेले ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय आहे. शेती, स्वयंपाकघर आणि गावगाड्यातील कारागिरांच्या ४,००० हून अधिक वस्तू तिथे आहेत, इमारतीसाठी पाडलेल्या जुन्या घरांचे सामान वापरलेले आहे, आणि संग्रहालयाला लागूनच सेंद्रिय शेत आहे. औजार आणि पीक एकाच आवारात पाहण्याची जी गोष्ट मी वर सांगितली, ती तिथे सहज जमते.

प्रश्न : तेर येथील संग्रहालय पाहिले. मातीचे तुकडे, मणी आणि लहान मूर्ती पुष्कळ होत्या, परंतु शेतीशी किंवा गावाच्या रोजच्या जगण्याशी त्यांचा संबंध लागला नाही. आम्ही काही चुकवले का?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : चुकवले असे म्हणणार नाही, पण तेरला जाण्यापूर्वी दोन गोष्टी वाचून गेल्या असत्या तर बरे झाले असते. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात या गावाचा उल्लेख आहे : भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून, भडोचच्या बंदरात काय जात होते, तर साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आणखी एका प्रकारचे वस्त्र. म्हणजे आपण ज्या कपाटांपुढे उभ्या होत्या त्यांच्यामागे कापसाचे शेत आहे, फक्त ते दिसत नाही.

तो कापूस आज आपल्या शेतांत सर्रास दिसणारा नव्हे. आजची बहुतेक पऱ्हाटी अमेरिकी कुळातील संकरित वाणांची आहे. जुना देशी कापूस वेगळ्या जातीचा, आखूड धाग्याचा आणि लहान बोंडांचा असतो. देशी कापसाचे बोंड खाली मान घालून लोंबते, त्यामुळे पावसाचे पाणी त्याच्या आत साचत नाही, आणि पानांच्या बोटांमधल्या खाचा खोल असतात. मराठवाड्यात आणि अन्यत्रही देवळाच्या किंवा घराच्या अंगणात वातींसाठी लावलेला देवकापूस आपण पाहिला असेल. तो याच देशी कुळातला. तेरच्या भेटीनंतर अशा एखाद्या झाडाखाली पाच मिनिटे उभे राहिले तर ‘पेरिप्लस’मधली ती गाडी अधिक नीट दिसते. लांब धाग्यावर चालणाऱ्या गिरण्यांच्या काळात या कापसाला भाव उरला नाही, पण मलमल हातसुताची होती आणि गिरणीचे नियम तिला लागू नव्हते.

संग्रहालयातील वस्तूंविषयीही थोडे सांगतो. हा संग्रह मुळात रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने गोळा केला आणि पुढे तो शासकीय संग्रहालय झाला. गावच्या संग्रहालयाचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत दाबून घडवलेल्या सातवाहनकालीन मूर्ती नीट निरखून पाहा. दोन अर्धे जिथे जोडले जातात ती शिवण कानांच्या मागून खाली उतरलेली पुष्कळदा दिसते. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे महत्त्व वेगळेच आहे. इटलीतील पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, आणि तिथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच धाटणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. गावातल्या त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागे अर्धगोल झालेली वास्तूही चुकवू नका, आणि गोरोबाकाकांच्या या गावात कुंभाराच्या हाताविषयी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : जानेवारीत भंडारदऱ्याला जाणार आहोत. वाटेत कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक पाहावी असा विचार आहे. असेच जाऊन चालेल का, आणि गच्चीवर लावण्यासाठी थोडे बी मागितले तर गैर दिसेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : असेच जाऊ नका. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे काही तिकिटाचे प्रेक्षणीय स्थळ नाही. ते एका शेतकरी बाईचे घर, तिचे शेत आणि तिचे काम आहे. राहीबाई महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या. घरचे, शेजारचे आणि डोंगरातले वाण गोळा करत त्यांनी हे काम उभे केले, ‘बाएफ’ या संस्थेची त्याला साथ मिळाली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाहुण्यांची रीघ लागली की वाफ्याला पाणी द्यायचे राहते, हे आपण घरी बाग करत असाल तर जाणताच. आधी विचारून वेळ ठरवावी, पंधरा माणसांची गाडी नेऊ नये आणि रोपांमध्ये शिरून छायाचित्रे घेऊ नयेत.

जानेवारी हा महिना वालांसाठी उत्तम आहे. मांडवावरच्या वेलांवर त्या सुमारास फुले आणि शेंगा दोन्ही असतात, आणि एकाच मांडवावर हिरवी, जांभळ्या कडेची, रुंद, अरुंद, सरळ, विळ्यासारखी वाकडी अशी शेंग पाहिली की ‘वाल’ हा शब्द बाजारात आपण किती ढोबळपणे वापरतो ते कळते. भात मात्र तेव्हा शेतात नसेल, बियाण्याच्या रूपातच दिसेल. काळभात दाखवला तर एक दाणा नखाने सोलून पाहण्याची परवानगी मागा : नाव आणि तूस काळे, आतला तांदूळ पांढरा, आणि शिजल्यावर सुवास येतो. काळ्या तांदळाच्या नावाखाली शहरात जे विकले जाते त्याच्याशी याची गल्लत करू नये.

बियाण्याविषयी आपण विचारलेत हे बरे केलेत, कारण बहुतेक जण न विचारताच हात पुढे करतात. तिथला व्यवहार असा आहे की शेतकऱ्याला बी दिले जाते आणि पीक आल्यावर त्याने दुप्पट बी परत करायचे. ही जुनीच रीत आहे आणि बँक हा शब्द तिथे शोभेचा नाही. तेव्हा गच्चीवरच्या दोन कुंड्यांसाठी बी मागण्याआधी परतफेड करता येईल का, याचा विचार करावा. डोंगराळ, भरपूर पावसाचे भात आपल्या गच्चीवर नीट येणारही नाही. वालाचा एखादा वेल येईल; तेव्हा एकच वाण मागा, त्याचे स्थानिक नाव लिहून घ्या, पहिल्या वर्षीच्या सगळ्या शेंगा भाजीत न घालता चांगल्या वेलावरच्या पहिल्या बहराच्या शेंगा वाळेपर्यंत राखा, आणि पुढच्या हिवाळ्यात बी घेऊन परत जा. मग आपली भेट पर्यटकाची राहणार नाही.

प्रश्न : एका गावच्या संग्रहालयात ‘यादवकालीन परसबाग’ अशी पाटी लावलेल्या वाफ्यांत मिरची, पेरू आणि टोमॅटो होते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग, पेरू, पपई, काजू ही सारी अमेरिका खंडातून आलेली मंडळी आहेत आणि पोर्तुगीज १४९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी ती इकडे नव्हती. देवगिरीचे यादव त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांच्या काळातल्या स्वयंपाकात तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांतून येत असे; मिरची हे नावही मिऱ्यावरूनच पडले. यादवकालीन वाफा करायचा असेल तर वांगी, पडवळ, कारली, दुधी, काकडी, वाल, कुळीथ, उडीद, तीळ, आले, हळद यांत पुष्कळ काम होईल. कुळीथ तर फारच जुना. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जव, गहू, मसूर यांच्या जोडीला कुळीथही मिळाला, आणि ती वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी.

तरीही मिरची बागेतून उपटून टाकावी असे मी म्हणणार नाही. चारशे वर्षे परसात राहिलेले झाड परके राहत नाही, आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. चूक मिरचीची नाही, पाटीची आहे. आपण वहीत अभिप्राय लिहून आलात का? अशा ठिकाणच्या वह्यांत ‘छान उपक्रम’ याशिवाय काही नसते. आपली एक ओळ चालकांच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या गावातील बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत जुन्या वस्तू मांडून मागे पारंपरिक वाणांची परसबाग करण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वस्तू गोळा करण्याआधी वही घ्या. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या घरातून आली, तिला त्या घरात काय म्हणतात, ती शेवटची कोणी आणि कशासाठी वापरली, एवढे देणाऱ्याच्या शब्दांत लिहा. एकाच औजाराला तुमच्या खालच्या वाडीत एक नाव आणि वरच्या वाडीत दुसरे असेल तर दोन्ही लिहा. लाकडी वस्तूंना चकचकीत रोगण आणि तांब्याच्या भांड्यांना चिंच लावण्याचा मोह टाळा. मुठीवर पडलेला घामाचा डाग आणि कल्हईचे जुने थर हाच तुमचा ऐवज आहे. लाकूड जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. शेत नांगरताना नाणी किंवा दागिने सापडले तर ते परस्पर कपाटात मांडू नयेत : १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

बागेचे गणित निराळे आहे. जाते दहा वर्षे कोपऱ्यात राहिले तरी जातेच राहते. बी मात्र पेरले नाही तर मरते. कांद्याचे बी जेमतेम वर्ष-दीड वर्ष टिकते, वाल-चवळीचे काही वर्षे, पण कोकणातल्या दमट हवेत यातही घट धरावी. म्हणून कोणत्या घराने कोणते वाण दर वर्षी लावायचे, याची वाटणी पहिल्याच बैठकीत करा. भात, नाचणी, वाल, उडीद यांसारखी बहुतांशी स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी, पिके सोपी आहेत. वेलभाज्यांत फसगत होते, आणि ती माझी झालेली आहे. लाल भोपळ्याचे दोन जुने वाण मी हौसेने शेजारीशेजारी लावले, दोन्हींचे बी कागदाच्या पुड्यांत नावे घालून ठेवले, आणि पुढच्या वर्षी ना हा ना तो असे एक फिकट, पाणचट फळ वेलाला लागले. मधमाशांना पुडीवरचे नाव वाचता येत नाही. तेव्हापासून मी उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने हलक्या बांधतो, सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावतो, पाकळ्या पुन्हा बांधतो आणि त्या देठाला रंगीत सुतळी अडकवतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा त्याच्यासाठी वेळ बदलावी लागते. हे जमणार नसेल तर एका भागात एका भाजीचा एकच वाण लावावा.

बी सावलीत वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून, तोंड बंद केलेल्या मडक्यात किंवा बरणीत ठेवा आणि वर वाणाचे नाव, वर्ष आणि जपणाऱ्या घराचे नाव लिहा. घराचे नाव वगळू नका. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या लहानशा शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून भाताचा जो वाण तयार केला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ असे नाव पडले. तांदूळ लाखो घरांत पोचला, आणि त्या घरांपैकी फार थोड्यांना दादाजींचे नाव माहीत असेल. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तेव्हा बियाण्याची देवघेव करायला संकोच नको.

पहिल्या वर्षी पाच-सहा वाणांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि पावसाळ्याआधी शाळेचे कौल शाकारून घ्या.